डोंगरावर श्रमदानाला जाण्यापूर्वी: जमीन आणि अधिवास संवर्धनाच्या कामात नव्याने उतरणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या गावागावांतील जलसंधारणाच्या स्पर्धेमुळे २०१६ ते २०१९ या काळात श्रमदान हा शब्द शहरातल्या सोसायट्यांपर्यंत पोहोचला आणि १ मेच्या महाश्रमदानाला पुण्या-मुंबईहून माणसे गाड्या भरून गावी जाऊ लागली. त्याआधीही राळेगणसिद्धी, हिवरे बाजार यांसारख्या गावांत आणि शहरांलगतच्या टेकड्यांवर हे काम चालू होतेच, आणि आजही चालू आहे. मात्र पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाला कोणाला भेटायचे, काय न्यायचे, कोणत्या कामाला हात लावायचा आणि कोणत्या कामापासून दूर राहायचे हे सांगणारे फारसे कोणी भेटत नाही. बहुतेक जण पावसाळ्यात एक रोप लावतात, छायाचित्र काढतात आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिकडे फिरकत नाहीत. खरे काम त्या मधल्या अकरा महिन्यांत असते, म्हणून या लेखात रोपलागवडीला जेवढी जागा दिली आहे त्याहून अधिक जागा इतर कामांना दिली आहे.

येथे दख्खनच्या पठारावरील टेकड्या, गायराने, माळराने आणि सह्याद्रीचे पूर्वेकडील उतार डोळ्यांसमोर ठेवले आहेत. खारफुटीचे काम भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावर चालते आणि त्याची रीत निराळी आहे, त्यामुळे ते येथे घेतलेले नाही.

१. आधी जागा ओळखा, काम नंतर ठरवा

नव्या स्वयंसेवकाची समजूत अशी असते की उघडी जमीन म्हणजे उजाड जमीन, आणि उजाड जमिनीवर झाडे लावली की संवर्धन झाले. ही समजूत घेऊन डोंगरावर गेल्यास चांगल्या हेतूने मोठे नुकसान होऊ शकते, म्हणून हा मुद्दा सर्वांत आधी आणि थोडा विस्ताराने सांगणे भाग आहे.

सोलापूर, अहिल्यानगर आणि पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील माळराने ही झाडे तुटून उरलेली जमीन नव्हे. कमी पावसात, उथळ मुरमाड मातीवर तयार झालेला तो गवताचा अधिवास आहे. कुसळी, मारवेल, पवन्या, शेडा अशी गवते आणि मधूनच एखादे बोरीचे किंवा हिवराचे झाड, एवढाच त्याचा पसारा असतो. लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक, चंडोल यांना हेच मोकळे रान लागते. नान्नजच्या परिसरातून माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला त्यामागे अनेक कारणे आहेत आणि मोकळ्या गवताळ पट्ट्यांवर झालेली गिरिपुष्पासारख्या झाडांची दाट लागवड हे त्यांपैकी एक मानले जाते. अशा माळावर करण्याजोगे काम म्हणजे गवताचे बी गोळा करणे, झिजलेल्या पट्ट्यांवर ते पेरणे, अतिचराई थांबवण्यासाठी गावाशी बोलणे आणि नको तेथे वाढलेली सुबाभूळ परवानगीने काढणे. झाडे लावणे हे त्या यादीत जवळजवळ येतच नाही.

सह्याद्रीच्या माथ्यावरचे जांभ्या दगडाचे सडे, म्हणजे उघडे सपाट कातळ, त्याहून नाजूक असतात. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळात समाविष्ट झालेले कास पठार सर्वांना ठाऊक आहे, पण त्याच जातीचे लहान-मोठे सडे साताऱ्यापासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेले आहेत. उन्हाळ्यात ते काळेठिक्कर, मृत दिसतात आणि नेमके तेव्हाच कोणीतरी तेथे खड्डे घेण्याचा बेत आखतो. सीतेची आसवे, दवबिंदू आणि वायतुरा यांसारख्या वनस्पती बोटभर मातीत आणि पावसाच्या साचलेल्या पाण्यात वाढतात. खड्डा घेतला किंवा बाहेरची माती आणून टाकली की तो अधिवास संपतो. सड्यावर स्वयंसेवकाचे काम बहुधा वाटा आखून देणे, गर्दी आवरणे आणि कचरा उचलणे एवढेच असते, आणि ते पुरेसे आहे.

खऱ्या अर्थाने हातांची गरज असते ती तीन ठिकाणी: माती वाहून गेलेले डोंगरउतार, घाणेरी किंवा रानमोडी या बाहेरून आलेल्या झुडपांनी गिळलेली रानाची कड आणि ओढे-तलावांचे काठ. भंडारा-गोंदियाकडील जुन्या मालगुजारी तलावांमध्ये बेशरम ही उपद्रवी वनस्पती उपटून स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावण्याचे काम ढिवर समाजातील मच्छीमार, त्यातही विशेषतः स्त्रिया, गेली काही वर्षे करत आहेत. तेथे पाहुणा स्वयंसेवक म्हणून गेलात तर चिखलात उतरण्याआधी त्यांच्याकडून वनस्पती ओळखायला शिका, कारण काय उपटायचे आणि काय ठेवायचे हे त्यांना नक्की ठाऊक असते.

२. जमीन कोणाच्या ताब्यात आहे ते विचारा

डोंगर सर्वांचा असतो ही भावना चांगली आहे, कायदा मात्र तसे मानत नाही. राखीव वनात विनापरवाना शिरणे, तोडणे, खोदणे आणि आग लावणे हे भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हे आहेत. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान असेल तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू होतो आणि नियम अधिक कडक असतात. वनजमिनीवरील कामासाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करावा लागतो. त्याआधी त्या भागाच्या वनरक्षकाला प्रत्यक्ष भेटावे, कारण जागेची खरी माहिती त्यालाच असते आणि अर्ज वर गेल्यावर विचारणा शेवटी त्याच्याकडेच येते. गावात संयुक्त वनव्यवस्थापन समिती असेल तर तिच्याशीही बोलावे.

गायरान असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव लागतो. गावाला वनहक्क कायदा, २००६ खाली सामूहिक वनहक्क मिळालेले असतील, जसे गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये मिळाले, तर निर्णय ग्रामसभेचा असतो आणि तिच्या संमतीवाचून तेथे काम करू नये. खाजगी जमीन असेल तर सातबारा पाहून त्यावरील सर्व खातेदारांचे संमतिपत्र घ्यावे. एका भावाने तोंडी हो म्हटले आणि दुसऱ्याने चर बुजवले, असे प्रकार सर्रास होतात.

आणखी एक सापळा येथेच सांगतो. परदेशी झाड म्हणून गिरिपुष्प किंवा सुबाभूळ सरळ तोडता येत नाही. शहरांत १९७५ चा आणि ग्रामीण भागात १९६४ चा, असे वृक्षतोडीसंबंधी वेगवेगळे कायदे आहेत. झाड देशी की परदेशी हे ठरवून स्वयंसेवकाने कोयता चालवू नये. परवानगीचा कागद कोणाकडे आहे ते विचारावे आणि तो पाहावा.

३. गट निवडताना विचारायचे प्रश्न

बहुतेकांनी स्वतः काम उभे करण्याऐवजी आधी चालू असलेल्या गटात सामील व्हावे. गट निवडताना त्याच्या नावापेक्षा किंवा टी-शर्टपेक्षा एक गोष्ट पाहावी: त्यांना मागच्या वर्षीची किंवा त्याच्या मागच्या वर्षीची जागा दाखवायला सांगा. ज्यांनी ती राखली आहे ते आनंदाने नेतात, कुठले रोप मेले आणि का मेले हेही सांगतात. जे टाळतात त्यांच्याकडे फक्त लागवडीच्या दिवसाचे छायाचित्र असते.

त्याशिवाय पाणी कोण घालणार आणि कधीपर्यंत, रोपांच्या जाती कोणी आणि कशावरून ठरवल्या, आणि जनावरे चारणाऱ्या माणसांशी कोणी बोलले आहे का, हे तीन प्रश्न विचारावेत. पाण्याच्या प्रश्नाला 'पावसावर' असे उत्तर मिळाले आणि जागा वार्षिक ६०० मिलिमीटरच्या आतल्या पावसाची असेल, तर रोपे जगण्याची आशा धरू नये. शासनाच्या वृक्षलागवड मोहिमेत २०१६ साली २ कोटी रोपांचे लक्ष्य होते, ते २०१९ साली ३३ कोटींवर गेले. आकडे वाढत गेले की पाण्याची कावड वाहणारे खांदेही त्या प्रमाणात वाढले पाहिजेत, हा हिशेब लागवडीच्या उत्साहात मागे पडतो.

४. कागदपत्रे

यादी लहान आहे, पण ऐनवेळी शोधाशोध होते म्हणून एका पाकिटात भरून ठेवावी.

- ओळखपत्राची प्रत; वनक्षेत्रात काम असेल तर दोन प्रती
- वनविभाग, ग्रामपंचायत किंवा जमीनमालक यांच्या परवानगीची प्रत (गटप्रमुखाकडे मूळ, तुमच्या फोनमध्ये छायाचित्र)
- रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधे आणि घरच्या माणसाचा फोन क्रमांक लिहिलेला कागद
- १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांचे सहीचे संमतिपत्र
- धनुर्वाताची लस कधी घेतली त्याची नोंद. बराच काळ लोटला असेल तर डॉक्टरांना विचारून आधीच घ्यावी

५. हत्यारे आणि अंगावरचे साहित्य

टिकाव, कुदळ, फावडे, पहार, घमेले, खुरपे, विळा आणि कोयता ही हत्यारे गट पुरवतो. तुम्ही न्यायचे ते जाड तळव्याचे, घोट्यापर्यंतचे बूट, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, जाड पॅन्ट, टोपी किंवा उपरणे, हातमोजे आणि किमान ३ लिटर पाणी. हातमोजे कातडी किंवा जाड सुती असावेत. रबरी मोज्यांत उन्हाळ्यात हात उकडून निघतो आणि फोड लवकर येतात.

हत्यार हातात घेतल्यावर पहिल्यांदा त्याचा दांडा पाहा. उन्हाळ्यात लाकूड आक्रसते आणि टिकावाचे पाते दांड्यावर खेळू लागते. तसाच टिकाव डोक्यावर उचलला तर पाते निसटून मागच्या माणसाला लागू शकते. गावातली माणसे आदल्या रात्री टिकाव पात्याच्या बाजूने पाण्याच्या बादलीत उभा ठेवतात, लाकूड फुगते आणि पाते घट्ट बसते. सकाळी दगडावर दांड्याचे बूड दोनदा आपटून पाते हलत नाही ना हे बघावे, आणि हलत असेल तर पाचर ठोकून घेतल्याशिवाय वापरू नये. दोन खोदणाऱ्यांमध्ये टिकावाच्या दोन लांबींइतके अंतर हवे. घमेले देणाऱ्यांची रांग खोदणाऱ्यांच्या पाठीमागून जाऊ देऊ नये, बाजूने न्यावी.

६. कोणत्या महिन्यात काय

कामाचे वर्ष उन्हाळ्यात सुरू होते. मार्च ते मे हे चर, बांध आणि खड्डे यांचे महिने. जून-जुलैत लागवड. ऑगस्ट-सप्टेंबरात जमीन मऊ असते तेव्हा घाणेरी, रानमोडी, गाजरगवत काढणे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवताचे आणि झाडांचे बी गोळा करणे व रोपांना आच्छादन करणे. डिसेंबर ते फेब्रुवारी जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारे मोकळे पट्टे, काढणे, आणि फेब्रुवारीपासून पुन्हा पाऊस येईपर्यंत रोपांना पाणी. वर्षातून दोनच दिवस देता येत असतील तर ते जुलैत देऊ नका, एप्रिलमध्ये द्या. जुलैत माणसे भरपूर असतात.

७. चर आणि दगडी बांध

या कामाचे सूत्र गावोगावी एकाच वाक्यात सांगितले जाते: धावत्या पाण्याला चालते करायचे, चालत्याला थांबते करायचे आणि थांबत्याला जिरवायचे. त्यामुळे काम माथ्याकडून पायथ्याकडे करत यावे लागते. वर काहीच न करता खाली बांध घातला तर पहिल्या जोराच्या पावसातच तो वाहून जातो.

सलग समतल चर डोंगराला आडवा, एकाच उंचीवरून जातो. तो जरा जरी तिरका गेला तर पाणी चरातून एका टोकाला धावते, तेथे चर फुटतो आणि नवी ओघळ तयार होते. म्हणजे न खोदलेलेच बरे. म्हणून आखणी हे खोदण्याहून महत्त्वाचे काम आहे आणि नव्या माणसाने ते आवर्जून शिकून घ्यावे. समतल रेघ शोधायला ए-फ्रेम, म्हणजे इंग्रजी 'A' च्या आकाराची चौकट, वापरतात. तिच्यासाठी साधारण सहा फुटांच्या दोन सारख्या काठ्या वर एकत्र बांधतात, मध्ये आडवी पट्टी ठोकतात आणि वरच्या टोकापासून दोरीने दगड लोंबता सोडतात. चौकट जमिनीवर उभी करून दोन्ही पायांच्या जागी खुणा कराव्यात आणि दोरी आडव्या पट्टीवर जेथे टेकते तेथे पेन्सिलने रेघ ओढावी. मग चौकट फिरवून डावा पाय उजव्याच्या आणि उजवा डाव्याच्या खुणेवर ठेवावा व दुसरी रेघ ओढावी. या दोन रेघांच्या बरोबर मध्ये जी जागा येते ती समतलाची खूण. त्यानंतर एक पाय रोवून दुसरा वर-खाली सरकवत दोरी त्या खुणेवर आणायची, पाय टेकला तेथे फक्की टाकायची आणि पुढे चालायचे. वारा असेल तर दगड झुलत राहतो, म्हणून आखणी सकाळी लवकर उरकावी. काही गटांकडे हायड्रोमार्कर असतो. पारदर्शक नळीतील पाण्याच्या पातळीवर तो चालतो आणि काम झपाट्याने होते, मात्र नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर सगळी रेघ चुकते.

श्रमदानातला चर साधारण दोन फूट रुंद आणि एक फूट खोल असतो. निघालेली माती उताराच्या खालच्या बाजूला, चराच्या कडेपासून फूटभर जागा सोडून टाकावी. अगदी कडेला टाकली तर पहिल्या पावसात ती परत चरात येते. मध्ये कातळ लागला तर तो फोडत बसू नये, तेवढा भाग सोडून पुढे जावे. दोन चरांमधले अंतर उतार आणि पाऊस पाहून ठरते, ते जाणकाराकडून ठरवून घ्यावे.

जेथे गवताचा जाड थर शाबूत आहे तेथे चर खोदू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गवताची मुळे माती धरून ठेवण्याचे काम आधीच करत असतात; ती उखडून तयार केलेला चर पाणी अडवतो खरा, पण त्याचा उकरलेला ढीग त्याच उतारावरची सैल माती बनून खाली येतो. 'या भागात गवत चांगले आहे, तो सोडू या का?' असा प्रश्न नव्या माणसाने विचारला तर त्यात काहीही वावगे नाही.

ओघळींमध्ये अनगड दगडांचे बांध घालतात. बांधाची दोन्ही टोके काठांत खोचलेली आणि मधला भाग बाजूंपेक्षा खोलगट हवा, म्हणजे पुराचे पाणी मधून जाते, काठ कापत नाही. मोठे दगड खालच्या अंगाला एकमेकांत अडकवून बसवावेत. दगड गोळा करताना फक्त सुटे पडलेले घ्यावेत. मातीत रुतलेला दगड उपटला तर तेथे खड्डा पडतो आणि धूप तेथूनच सुरू होते, शिवाय त्याखाली विंचू, गोम, पाल, सरडे यांची घरे असतात. एका जागेचे सगळे दगड उचलू नयेत.

दगड उचलताना त्याची पलीकडची कड वर करून दगड आपल्याकडे कलता करावा, म्हणजे खाली काही असल्यास ते पलीकडच्या बाजूने निघून जाते. बोटे खाली घालून दगड चाचपणे हे सर्वांत धोक्याचे.

८. घाणेरी, रानमोडी आणि गाजरगवत

घाणेरी नुसती वरून छाटली तर ती दुप्पट जोमाने फुटते. मुळाशी माती थोडी उकरून, जमिनीखाली दोन-तीन इंचांवर मुख्य मूळ तोडावे, झुडूप उचलावे आणि मुळे वर येतील असे उलटे ठेवून वाळवावे. ओल्या जमिनीवर सरळ पडलेली फांदी पुन्हा मूळ धरते. फळे काळी होण्यापूर्वी हे काम करावे, कारण फळे खाऊन बुलबुल आणि इतर पक्षी बी दूरवर नेतात. काढलेल्या जागेच्या आसपासची मोठी झाडे लक्षात ठेवावीत. पक्षी तेथे बसतात आणि नवी रोपे बहुधा त्यांच्याच खाली उगवतात.

एका दमात सगळा उतार साफ करण्याचा मोह आवरावा. दाट घाणेरीखाली तितर, ससे, मुंगूस यांनी आसरा घेतलेला असतो आणि एकदम उघडी पडलेली माती पावसात वाहून जाते. पट्ट्यापट्ट्यांनी काढून, मोकळ्या झालेल्या पट्ट्यात त्याच मोसमात गवताचे बी किंवा स्थानिक झुडपांची रोपे टाकली तरच पुढचा पट्टा हाती घ्यावा. पुढील दोन-तीन वर्षे त्याच जागी नवी रोपे उपटायला यावे लागते.

गाजरगवताची भारतातील ठळक नोंद १९५० च्या दशकात पुण्यात झाली आणि आज ते सर्वत्र आहे. ते फुलण्याआधी मुळासकट उपटावे. त्याने त्वचेवर पुरळ येते आणि दमा बळावतो, त्यामुळे हातमोजे आणि तोंडावर रुमाल हवाच. दम्याच्या रुग्णांनी हे काम घेऊ नये. पुण्याच्या टेकड्यांवर आणि रस्त्याकडेला पावसाळ्याअखेरीस फुलणारा पिवळा-नारिंगी कॉसमॉसही बाहेरून आलेला आहे. त्याच्या ताटव्यात उभे राहून छायाचित्र काढणाऱ्यांना हे सांगितले की बहुतेकांना वाईट वाटते, पण उपटायला मात्र दोघे-तिघे थांबतात.

९. रोप लावण्याची रीत

खड्डे एप्रिल-मेमध्ये घेऊन उन्हात तापू द्यावेत. दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा पुरतो. वरची काळसर माती वेगळी ठेवावी आणि भरताना ती शेणखतासह खाली घालावी. पहिल्या वळवाच्या सरीला लावण्याची घाई करू नये. मोसमी पाऊस स्थिरावून जमिनीत वीतभर ओल उतरली की लावावे.

पिशवी ब्लेडने उभी कापून पूर्ण काढावी. नुसते बूड फाडून पिशवीसकट लावलेली रोपे मी पाहिली आहेत. ती दोन वर्षे जगतात आणि मग कोणाला कळत नाही का मेली. मुळे पिशवीत गोल फिरलेली असतील तर गुंडाळलेला भाग कापून टाकावा. खोडाचा मातीबाहेरचा भाग मातीखाली जाऊ देऊ नये. रोप बसवून माती पायाने दाबावी, उताराच्या खालच्या बाजूला अर्धगोल आळे करावे आणि वाळलेल्या गवताचे आच्छादन खोडापासून चार बोटे दूर पसरावे. रिकाम्या पिशव्या मोजून परत न्याव्यात.

जाती जागेवरून ठरतात. कोरड्या उतारांवर धावडा, सालई, मोई, खैर, पळस, आपटा. ओढ्याकाठी करंज, अर्जुन, उंबर. जवळच्या शाबूत रानात काय उभे आहे ते पाहणे ही सर्वांत खात्रीची पद्धत. सीड बॉल, म्हणजे बी भरलेले मातीचे गोळे, फेकण्याच्या कार्यक्रमांवर माझा फारसा विश्वास नाही. उतारावर पडलेले बहुतेक गोळे वाहून जातात, वाळतात किंवा उंदीर-पक्षी खातात, आणि आत कशाचे बी आहे हे फेकणाऱ्याला अनेकदा ठाऊकही नसते.

पाण्याचा हिशेब लागवडीआधी करावा. २०० रोपांना प्रत्येकी ५ लिटर म्हणजे एका फेरीला १,००० लिटर, म्हणजेच २० लिटरचे ५० कॅन डोंगरावर. कोरड्या भागात पहिल्या उन्हाळ्यात ही फेरी आठवड्या-दहा दिवसांनी करावी लागते, दुसऱ्या उन्हाळ्यात कमी आणि तिसऱ्यात त्याहून कमी. हा आकडा तुमच्या गटाला पेलत नसेल तर ५० रोपे लावा.

१०. ऊन, साप, मधमाश्या आणि वणवा

उन्हाळ्यात काम सकाळी ६ ते ९.३० या वेळेत संपवावे. डोके दुखणे, मळमळ, घाम थांबणे ही लक्षणे दिसताच माणसाला सावलीत आणून अंग ओले करावे आणि पुढे काम करू देऊ नये.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषारी सापांच्या दंशावर प्रतिसर्पविष उपलब्ध आहे. खडकाळ माळावर फुरसे अधिक. दंश झाल्यास आवळून बांधणे, चिरा देणे, तोंडाने विष ओढणे यांपैकी काहीही करू नये. अंगठी, कडे काढावे, तो हात किंवा पाय हलू देऊ नये आणि १०८ वर फोन करून रुग्णाला प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात न्यावे. असे रुग्णालय कोणते, हे काम सुरू होण्याआधीच गटाला माहीत असले पाहिजे. सापाला मारण्यात किंवा पकडण्यात वेळ घालवू नये.

कड्याच्या खाली आग्या मोहोळ असेल तर त्या बाजूला धूर, अत्तर आणि आरडाओरडा टाळावा. हिवाळ्यात खाजकुहिलीच्या तपकिरी, लवदार शेंगांना हात लागला तर धुण्याआधी चोळू नये, चोळल्याने खाज पसरते.

वणवा दिसल्यास नव्या स्वयंसेवकाने विझवायला धावू नये. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे, उताराच्या वरच्या बाजूला थांबू नये, कारण आग वर झपाट्याने चढते. जाळरेषा काढण्याचे काम मात्र कोणालाही शिकता येते. ठरलेल्या पट्ट्यातील वाळलेले गवत कापून, झाडून, जमीन उघडी करायची असते. त्या पट्ट्यातील गवत जाळायचे असेल तर ते फक्त वनकर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली.

११. गावाशी आणि गुराख्यांशी

ज्या उतारावर तुम्ही रोपे लावता तेथे काल कोणाची तरी शेळ्या-मेंढ्यांची वाट होती. तिला तारेचे कुंपण घातले आणि धनगराला विचारले नाही, तर कुंपण टिकत नाही, आणि त्याला दोष देण्यातही अर्थ नसतो. हिवरे बाजारात चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी टिकली ती गावाने स्वतः ठरवली म्हणून, आणि बंद केलेल्या डोंगरातील गवत कापून नेण्याची मुभा होती म्हणून. तुमच्या जागेतही एक भाग बंद, एक भाग खुला आणि गवत कापायला सर्वांना परवानगी, अशी काही तडजोड निघते का ते गावातल्या वडीलधाऱ्यांकडून समजून घ्यावे.

गावात गेल्यावर आधी कामाला लागावे, सूचना नंतर. बाया-माणसे जी घमेली उचलतात ती सकाळचा स्वयंपाक आणि पाणी उरकून आलेली असतात. देवराईत काम असेल तर पुजारी किंवा मानकऱ्यांना विचारल्याशिवाय पालापाचोळाही हलवू नये, आणि पडलेली झाडे 'साफ' करू नयेत. कुजणारे खोड हे भुंगेऱ्यांचे, अळंब्यांचे आणि पाखरांचे घर असते.

१२. नोंद ठेवा

पहिल्या दिवशी चार ठिकाणी दगडावर रंगाची खूण करून तेथून एकाच दिशेने छायाचित्र काढावे आणि दर तीन महिन्यांनी त्याच जागेवरून पुन्हा काढावे. पक्षी, फुलपाखरे, वनस्पती यांच्या नोंदी ईबर्ड किंवा आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळांवर टाकता येतात, पण दुर्मीळ प्राण्यांची नेमकी जागा उघड करू नये.

रोपांची मोजणी दरवर्षी नोव्हेंबरात आणि जूनच्या आधी, अशी दोनदा करावी. नोव्हेंबरातील आकडा लागवड कशी झाली ते सांगतो, जूनआधीचा पाणी आणि राखण कशी झाली ते. मेलेल्या रोपाच्या जागी लगेच दुसरे लावू नये. आधी ते उपटून मूळ पाहावे: मुळे गुंडाळलेली होती, वाळवी लागली, खाली कातळ होता की शेंडा जनावराने खाल्ला, हे बहुतेक वेळा तेथेच दिसते, आणि त्यावरून त्या खड्ड्यात पुढच्या वर्षी काय लावायचे, की तो खड्डा गवतासाठी सोडून द्यायचा, हे ठरवता येते.